जीपची काळी पट्टी

डोंगरवाडीपर्यंत डांबर पोचलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. भागोजी झोऱ्यांची एक जीप होती. तिचं लालचुटुक दार आपल्या चकाकीवर भारी खूश असायचं. दाराच्या खालच्या अंगाला प्लॅस्टिकची काळी पट्टी होती. करवंदीच्या काट्यांनी तिच्यावर पांढऱ्या रेघाच रेघा उठल्या होत्या.

"उद्या नवरा-नवरी आपल्यात बसणार," दार म्हणालं. "निदान तोंड तरी धुऊन घे!"

पट्टीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी भागोजींनी तिला खोबरेल तेल चोळलं, तशी ती नव्यासारखी काळीभोर झाली. पण वाटेत सगळा फुफाटा तिलाच चिकटला, आणि मांडवाबाहेर एका म्हशीने तिला मन लावून चाटून काढलं. रेघा पुन्हा वर! दार हसून हसून खडखडलं.

परतताना समोरून ट्रॅक्टर आला. भागोजींनी जीप कडेला दाबली, तसा तिथला कुंपणाचा दगडी गडगा थेट दाराच्या अंगावर आला. दाराचं हसू पळालं. खर्रकन आवाज झाला. पण दाराला ओरखडाही नव्हता. बोटभर पुढे आलेल्या पट्टीने गडगा स्वतःच्या अंगावर घेतला होता.

घरी येताच भागोजींनी तेलाची बाटली काढली. "ही नवी रेघ तरी झाकू," ते म्हणाले. आता दार पुन्हा हसणार, म्हणून पट्टी अंग चोरून बसली.

"राहू द्या मालक," दार घाईने म्हणालं, "ती रेघ माझी आहे."