गुलब्या रडला

“म्हणजे गुन्हा झालाच नाही, असं तुझं म्हणणं?”

“झालाच नाही, सर. बैल पळून पळून मेला. हृदय थांबलं. सगळं स्वच्छ आहे.”

मकरंद थिगळे ताठ बसला होता. तो जनावरांचा सरकारी डॉक्टर. तालुक्यात आता त्याला ओळखत नाही असा माणूस उरला नव्हता, आणि ही गोष्ट त्याच्याही ध्यानातून क्षणभर जात नव्हती.

समोर आप्पा. त्याचे गुरू. मेलेलं जनावर उघडून त्याला कुणी आणि कसं मारलं ते शोधायचं, हे शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. विष घातलेली कुत्री, फासात अडकलेले बिबटे, ॲसिड ओतलेल्या गाई… सगळ्यांच्या वतीनं ते कोर्टात उभे राहिले होते. बहुतेक आरोपी सुटले. निवृत्तीनंतर आप्पा डोंगराखालच्या दोन खोल्यांत एकटे राहायला आले आणि माणसांशी बोलणं त्यांनी जवळजवळ टाकलंच.

मकरंदनं आणलेला अहवाल त्यांच्या मांडीवर पालथा पडला होता.

प्रकरण तसं साधं होतं. संपतरावांचा पाखऱ्या शर्यतीच्या मैदानात, छकड्याला जुंपलेला असतानाच कोसळला आणि मेला. बैलाला पळताना विजेचे झटके दिले, अशी गावातल्याच कुणीतरी निनावी तक्रार केली. पोलिसांनी डॉक्टरचं मत मागवलं. ते येईपर्यंत संपतरावांना दुसरा बैल मैदानात उतरवायला बंदी होती. रविवारी मोठी शर्यत होती आणि संपतरावांचा जीव टांगणीला लागला होता.

आप्पांनी एकदा मान डोलावली की मकरंद सही करणार होता. खरं तर सही तो एरवीही करणारच होता. पण गुरूंची शाबासकी मिळाली तर कुणाला नको असते?

“कातडं काढून पाहिलंस?” आप्पांनी विचारलं.

“…नाही, सर.”

“का?”

“मालक पाया पडला. म्हणाला, ‘डाक्टरसायेब, लेकरावानी वाढिवलाय त्येला, त्येचं कातडं नगा सोलू.’ सगळं गाव उभं होतं भोवती. मी छाती-पोट उघडलं, आतलं सगळं तपासलं आणि नीट शिवून दिलं.”

“तू पोचलास तेव्हा बैल कसा होता?”

“आंघोळ झाली होती त्याची. मालकानं स्वतः घातली, ऊन पाण्यानं. हळद माखली, कपाळाला कुंकू लावलं, भरजरी झूल घातली. नंतर बँड लावून मिरवत नेला आणि मळ्यात पुरला. समाधी बांधणार आहेत.”

आपल्याकडे हे असंच. जिवंतपणी पाठ सोलून निघाली तरी चालेल, मेल्यावर झूल मात्र भरजरी लागते.

“हळद कुठं कुठं होती?”

“सगळीकडं.” मकरंद जरा थांबला. “शेपटीच्या मुळाशी थोडी दाट होती. लेप दिल्यासारखी…”

आप्पांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

“पण सर, विजेचा झटका दर वेळी खूण ठेवतोच असं नाही. हे तुम्हीच शिकवलंय.”

“हो,” आप्पा म्हणाले. “मीच शिकवलंय.”

…

“कोण कोण रडलं?” त्यांनी विचारलं.

हा कसला प्रश्न, असं मकरंदला वाटलं. म्हातारपणी गुरू हळवे झाले म्हणायचे! तो मोकळा होऊन सांगू लागला.

“सगळं गाव रडलं, सर. संपतराव तर छाती पिटत होते. त्यांच्या मंडळींना चक्कर आली. खोटं कशाला बोलू, मीही डोळे पुसले. पण खरा रडला तो गुलब्या.”

“गुलब्या कोण?”

“पाखऱ्याचा जोडीदार. दोघं एकाच छकड्याला पळायचे. त्या दिवशीही जोडीनंच जुंपले होते. पाखऱ्याला मळ्याकडं नेत होते तेव्हा हा खुंट्याला बांधलेला. आणि सर, दोन्ही डोळ्यांतून धारा! नुसत्या धारा! एवढी माया मी माणसातसुद्धा पाहिली नाही.”

त्यानं मोबाइल पुढं केला. पेपरात छापून आलेला फोटो होता. गुलब्याच्या मानेवर हात टाकून डॉक्टर उभे, शेजारी संपतराव. वर ठळक अक्षरांत मथळा : ‘मुक्या जिवाचा टाहो, डॉक्टरही गहिवरले’. या फोटोनंतरच गावानं डॉक्टरांना शाल-श्रीफळ दिलं होतं. शाल संपतरावांनीच डॉक्टरांच्या खांद्यावर पांघरवली होती.

आप्पांनी फोटो बराच वेळ पाहिला.

“यानं मान अशी का वळवलीय?”

“त्याला उजेडाकडं बघवत नव्हतं. सारखा खुंट्यावर डोकं घासत होता. दुःखानं वेडापिसा झाला होता, सर.”

आप्पा उठले. आत गेले. स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक वाळकी लाल मिरची होती.

खाली बसून त्यांनी ती चिमटीत चुरली. मग तीच बोटं आधी एका डोळ्यात फिरवली, मग दुसऱ्या.

“सर! अहो, हे काय करताय!”

आप्पांचे डोळे गच्च मिटले. चेहरा लालबुंद झाला. पाणी ओठांवरून हनुवटीवर आलं, सदऱ्यावर टपटपू लागलं. मकरंद धावत जाऊन तांब्या घेऊन आला. आप्पांनी तो हातानंच बाजूला सारला.

“आधी सांग,” ते म्हणाले. “मी कुणाच्या दुःखानं रडतोय?”

…

मकरंद तांब्या धरून तसाच उभा राहिला.

त्याला तो गोठा पुन्हा दिसू लागला, आणि आता त्यात वेगळंच काही दिसत होतं. फोटोसाठी त्यानं मानेवर हात ठेवला, तेव्हा गुलब्याचं अंग थरथरलं होतं. हात पाठीवरून मागं सरकला, तसे त्याचे मागचे पाय वाकले आणि शेपूट पोटाखाली गेली. आणि आपण पत्रकाराला काय सांगितलं? ‘बघा, बिचारा अजून सावरला नाही.’

शिकलासवरलेला डॉक्टर, आणि बैल बेफाम पळावा म्हणून मिरची चोळलेले डोळे समोर असताना त्यानं त्यात भावाभावाचं प्रेम वाचलं होतं! त्याला स्वतःची किळस आली.

“सर…” तो म्हणाला. “पण आता काय सापडणार? पाखऱ्याला पुरलं. गुलब्याचे डोळे एव्हाना निवळले असतील.”

“शेपटीच्या मुळाशी केस बाजूला करून बघ. जोडीला पळत होते ना? झटका एकट्यालाच कोण देईल? भाजल्याचे डाग इतक्यात जायचे नाहीत.” आप्पांनी मिटल्या डोळ्यांनीच त्याच्याकडं तोंड केलं. “आणि त्याला अजून पुरलेलं नाही.”

“मालक हात लावू द्यायचा नाही.”

“पोलीस घेऊन जा.”

“गाव अंगावर येईल, सर. ज्या हातांनी शाल घातली, त्याच हातांत दगड घेतील. मला तिथंच नोकरी करायचीय. त्यात फोटो छापून आलाय… लोक म्हणतील, काल गळ्यात गळा घालून रडला आणि आज उलटला.”

“म्हणतील.”

बाहेर ऊन रणरणत होतं. मकरंदनं तांब्या खाली ठेवला. आप्पांच्या मांडीवरचा कागद उचलला, उलटसुलट करून पाहिला. माणूस खड्ड्यात पडला की आधी चिखल कुठं लागला ते बघतो, तसं त्याचं झालं होतं. मग हळूहळू त्याला एक वाट सुचली. डोक्याला ताण दिला की सरकारी माणसाला ती सुचतेच.

“सर, असं केलं तर? ‘हृदय थांबलं’ हे काढून टाकतो. त्याऐवजी लिहितो, ‘उपलब्ध पुराव्यावरून निश्चित मत देता येत नाही.’ यात खोटं काही नाही.”

“नाही,” आप्पा म्हणाले. “खोटं काही नाही.”

“कुणावर आळही येत नाही.”

“येत नाही.”

“तक्रार आपोआप मिटेल.”

“आणि रविवारी?”

बंदी उठली की रविवारी छकड्याला कोण जुंपला जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आप्पांच्या डोळ्यांतून अजून पाणी गळत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

“…तसं लिहू का, सर?”

“लिही,” आप्पा म्हणाले. “आणि पोलिसांकडं देण्याआधी तो कागद गुलब्याला वाचून दाखव… त्याच्या पाठीवर हात ठेवून.”