टिंगीच्या दाराला पाक नको, तेल हवं

फणसाच्या बुंध्यात एक घर. घरात राहते टिंगी उंदरी. इवलीशी टिंगी. इवलंसं लाकडी दार.

टिंगी म्हणाली, "दार बाहेरचं. ऊन लागेल, पाऊस लागेल. काहीतरी लावायला हवं."

काय लावलं तिनं? गुळाचा पाक. दार चकचकलं. टिंगी खूश. असं कुणी करतं का? उंदरी करते.

मग आला पाऊस. रिपरिप रिपरिप. पाक गेला वाहून. सगळा गेला. दार भिजलं. दार फुगलं. टम्म.

टिंगीनं दार ढकललं. दार मिटेना.

टिंगी चाट पडली. डोळे मोठ्ठे. मिशा ताठ.

संध्याकाळी भुऱ्या बोका येतो. दार उघडं राहिलं, तर तो टिंगीला गट्टम करेल. टिंगीला फार फार भीती वाटली.

"दारा दारा, मीट."

"नाही मिटत. तुझा पाक वरवरचा. मला तेल दे. आत मुरेल असं."

तेल? दाराला? टिंगी चाट पडली. डोळे मोठ्ठे. मिशा ताठ.

निघाली टिंगी. तुरुतुरु तुरुतुरु. आला तेलाचा घाणा.

"घाण्या घाण्या, तेल दे.
दार मिटेना.
भुऱ्या येईल ना."

"नाही देत. आधी जवस आण."

"तीळ चालतील का?"

"तिळाचं तेल चिकट राहतं. दारावर धूळ बसेल. जवसाचं तेल मुरतं आणि सुकतं."

टिंगी चाट पडली. डोळे मोठ्ठे. मिशा ताठ.

निघाली टिंगी. तुरुतुरु तुरुतुरु. आलं जवसाचं शेत.

"जवसा जवसा, बी दे.
घाणा तेल देईना.
दार मिटेना.
भुऱ्या येईल ना."

"नाही देत. माझी बोंडं ओली. आधी ऊन आण."

टिंगी चाट पडली. डोळे मोठ्ठे. मिशा ताठ.

निघाली टिंगी. तुरुतुरु तुरुतुरु. चढली टेकडीवर.

"उन्हा उन्हा, पड.
जवस बी देईना.
घाणा तेल देईना.
दार मिटेना.
भुऱ्या येईल ना."

"नाही पडत. ढग आडवा बसलाय. आधी त्याला सरकव."

एवढा मोठा ढग? टिंगी चाट पडली. डोळे मोठ्ठे. मिशा ताठ.

टिंगीनं मान वर केली.

"ढगा ढगा, सरक.
ऊन पडेना.
जवस बी देईना.
घाणा तेल देईना.
दार मिटेना.
भुऱ्या येईल ना."

"नाही सरकत. मला पाय कुठायत? आधी वाऱ्याला उठव."

ढगाला पाय नाहीत? टिंगी चाट पडली. डोळे मोठ्ठे. मिशा ताठ.

निघाली टिंगी. तुरुतुरु तुरुतुरु. वारा झोपला होता बांबूच्या बेटात. घुर्र घुर्र.

"वाऱ्या वाऱ्या, ऊठ.
ढग सरकेना.
ऊन पडेना.
जवस बी देईना.
घाणा तेल देईना.
दार मिटेना.
भुऱ्या येईल ना."

घुर्र घुर्र.

टिंगीला रडू आलं. मग राग आला. खूप राग आला. तिनं वाऱ्याच्या कानात मिशा घातल्या. गुदगुल्या केल्या. गुदूगुदू गुदूगुदू.

वारा हसला. खी खी खी. फूऽऽऽ.

वारा सुटला.
ढग सरकला.
ऊन पडलं.
दार वाळलं. बोंडंही वाळली.
जवसानं बी दिलं.
घाणा फिरला. कुईऽऽ कुईऽऽ.
घाण्यानं तेल दिलं.

टिंगीनं शेपटी बुडवली. दाराला तेल लावलं. सुळुक सुळुक. दारानं तेल पिऊन टाकलं. टिंगीनं पुन्हा लावलं. दारानं पुन्हा पिऊन टाकलं.

मग टिंगीनं आत जाऊन दार ढकललं. अगदी हळू. खट्ट.

दार मिटलं.

संध्याकाळी भुऱ्या आला. दबक दबक. त्यानं दार ढकललं. दार हलेना. त्यानं पुन्हा ढकललं. दार हलेना.

भुऱ्या चाट पडला. डोळे मोठ्ठे. मिशा ताठ.

टिंगी घरात,
भुऱ्या दारात.
गोष्ट झाली, चला,
वाढून घेऊ भात.