नारबामामानं नवरीची खोली मांडली

एका गावात एक भोळा मामा होता. मामा आहे म्हणून भोळा म्हणायचं. परका असता तर मी दुसरा शब्द वापरला असता. त्याचं नाव नारबा.

त्याच्या थोरल्या बहिणीच्या, हौसाक्काच्या लेकीचं, शीतलचं लग्न निघालं. व्याही मुहूर्ताचे फार कडक. "मुहूर्त टळला की आम्ही वऱ्हाड घेऊन माघारी," असं बैठकीतच बोलून गेलेले.

लग्नादिवशी सकाळी कार्यालयात अक्का म्हणाली, "नारबा, तुला एकच काम. शीतलला नटवायला पार्लरवाली येणार आहे. खोली मांडून दे. आरसा, खुर्ची, आणि उजेड भरपूर पाहिजे. उजेड नसला की नवरी पिठाच्या गिरणीतनं आल्यासारखी दिसते."

"कळलं, अक्का."

नारबानं सगळ्या खोल्या बघितल्या. अंगणाएवढा उजेड एकीतही नव्हता. त्यानं आरसा-खुर्ची उचलली, मांडवाच्या दारात उन्हात मांडली आणि शीतलला केस मोकळे सोडून तिथं बसवली. तेवढ्यात नवऱ्याकडची गाडी आली. सासू खाली उतरली आणि सुनेचा अवतार बघतच राहिली.

अक्का पळत आली. "अरे शहाण्या! नटायच्या आधी नवरी कुणाला दिसू द्यायची असते काय? आत ने, पडदा लाव!"

"आता कळलं, अक्का."

नारबानं सगळं आत नेलं. बघतो तर शीतल आरशात चक्क दिसत होती. त्यानं पडदा आरशाला लावला.

"आरसा कशाला झाकलास रे?"

"त्यात शीतल दिसत होती, अक्का."

अक्कानं कपाळावर हात मारला. "पडदा दाराला लावायचा! आणि दारात तू उभा राहा. आत दागिने आहेत. लग्नात चोरट्या बायका नटूनथटून शिरतात. ओळख पटल्याशिवाय एकीलाही सोडू नको."

"आता कळलं, अक्का."

पार्लरवाली शोभना आली.

"कोण तुम्ही?"

"पार्लरवाली."

"मी ओळखत नाही तुम्हाला."

"मी तरी कुठं ओळखते? सरका."

"दोघांनाही ओळख नाही म्हटल्यावर तर अजिबात नाही."

शोभना पायरीवर बसली. कंटाळून तिनं स्वतःचीच वेणी घातली. अक्का आली ती ओरडतच. "अरे, हिचीच वाट बघतोय आपण! हातात एवढी बॅग दिसत नाही? बॅग असेल तिला सोडायचं!"

"आता कळलं, अक्का."

लग्नाला बिनबॅगेची बाई कुणी बघितलीय? करवल्या शिरल्या, आत्या शिरल्या, जावा शिरल्या. कुणी पावडर थापली, कुणी काजळ घातलं, एकीनं तर नवरीचा गजरा माळला. शोभना कंगवा घेऊन कोपऱ्यात, आणि शीतल गर्दीत सापडेना.

अक्कानं दंडाला धरून एकेकीला बाहेर काढली. मग नारबाकडं वळली. "आता आत दोघीच. आपली शीतल आणि ही शोभना. हिचं तोंड नीट बघून ठेव. तिसरी कुणी दिसली तर कोंडून घाल. आणि मुहूर्ताला मामा म्हणून तूच शीतलला घेऊन यायचंस. रिकाम्या हातानं आलास तर माझ्या दारात पाय ठेवू नको!"

"आता कळलं, अक्का."

नारबानं शोभनाचं तोंड इतकं निरखलं, की बिचारीनं पाठ फिरवली.

मुहूर्त आला. गुरुजींनी हाक दिली, "मामा, मुलीला आणा!"

नारबा नवरीला घेऊन आला. डोक्यापासून पायापर्यंत पडद्यात गुंडाळलेली. नटायच्या आधी कुणाला दिसू द्यायची नाही, ते त्याच्या चांगलं लक्षात होतं. पडद्यातनं नुसतं "उं, उं" येत होतं.

"रडतेय गं पोर," बायका म्हणाल्या. सासूचेही डोळे भरले.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. अंतरपाट निघाला. नवऱ्यानं हार घालायला पडदा वर केला.

आत शोभना. एका हातात कंगवा आणि दातात एवढ्या पिना, की तोंड उघडायची सोय नाही.

हार नवऱ्याच्या हातातनं सुटला. व्याही म्हणाले, "हे काय?"

अक्का किंचाळली, "नारबा, शीतल कुठाय?"

"शीतल सापडली नाही, अक्का. रिकाम्या हातानं येऊ नको म्हणालीस, म्हणून हिला आणली. हिची ओळख पटलेली आहे." मग तो बहिणीच्या कानाशी आला. "पण काळजी करू नको. चोरटी सापडली. आपल्या शीतलचा शालू नेसून, दागिने घालून, आरशासमोर बसली होती. लाल ओठ, एवढाल्या पापण्या. कोण कुठली, बापजन्मात बघितली नाही. बाहेरून कडी घातलीय. 'मामा, मामा' म्हणून लई ओरडत होती, म्हणून बँडवाल्यांना दारात बसवून वाजवायला लावलंय."