वाळूचा शेक

एकदा मज्जातंतूंच्या एका वयोवृद्ध डॉक्टरांकडे तांब्यापितळेच्या भांड्यांचे एक व्यापारी पत्नीसह आले. त्यांचा डावा पाय दिवसेंदिवस दुबळा होत चालला होता. पत्नी रोज वाळूच्या पुरचुंडीने शेक देई. फार चटका बसू नये म्हणून पुरचुंडी आधी चांगल्या, उजव्या पायाला लावून पाही. "पोळतंय का?" "नाही." मग ती डाव्या पायाला लावी, आणि व्यापारी ओरडत.

"चालायचं म्हटलं की पाय मेलेला, शेकायला घेतला की जिवंत!" ती रडवेली होऊन म्हणाली. "घरातले म्हणतात, यांचं सोंग आहे. खोटं कशाला बोलू, मलाही आता तसंच वाटायला लागलंय."

व्यापाऱ्यांनी मान खाली घातली. दुखण्यापेक्षा हेच त्यांना अधिक लागले होते.

डॉक्टरांचा शिष्य शेजारीच उभा होता; तरुण, तेव्हा निकाल तयारच! तो गुरूंना हळूच म्हणाला, "सर, जोर गेलाय एका पायाचा आणि चटका कळत नाही दुसऱ्याला? सोंगच असणार."

दुबळा पाय सोडून गुरू चांगल्या पायाकडे वळले. थंड पाण्यात बुडवलेला चमचा आधी तळव्याला आणि मग पोटाच्या उजव्या बाजूला लावत ते हळूहळू वर सरकत गेले. बेंबीच्या जरा वर व्यापारी दचकले. "आत्ता गार लागलं!" गुरूंनी तिथे पेनाने रेघ ओढली, त्यांना कुशीवर वळवले आणि रेघेच्या थोडे वर पाठीच्या कण्यावर बोट ठेवले.

"अरे, दुखणं इथं आहे, डाव्या अंगाला. पायाला बळ देणारे तंतू कण्यातून आपापल्या बाजूनेच खाली उतरतात. चटक्याची खबर नेणारे मात्र कण्यात शिरल्यावर लगेच बाजू बदलून वर जातात. म्हणून इथं एका जागी दाब आला, की डाव्याचं बळ जातं आणि उजव्याचा चटका. तक्रारी दोन, जागा एक. रुग्णाचं म्हणणं जुळेना, तर आधी आपलं ज्ञान तपासावं. आणि सोंगाला फोड येत नाहीत, बाबा."

त्यांनी विजारीचा उजवा पाय वर सारला. पोटरीवर भाजल्याचे फोड होते. चांगला पाय म्हणून तो कुणी पाहिलाच नव्हता.

"अगं बाई, हे मीच भाजलं!" पत्नी कळवळली.

"मला तरी कुठं कळलं?" व्यापारी म्हणाले.

तिने हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. ते म्हणाले, "किती गार पडलाय गं हात तुझा."

कण्यात त्या जागी दाब आणणारी गाठ पुढे वेळेवर काढली गेली. पण निम्मे बरे त्यांना तिथेच वाटले होते.