चोपड्यांच्या शाळेची पाटी

टेंभेवाडी गावात खंडू नावाचा एक भोळा पेंटर होता. भोळा म्हणजे किती? ‘रंग ओला आहे, हात लावू नये’ असं लिहिलं, की आधी स्वतः हात लावून बघायचा. लिहिलंय ते खरं आहे ना, याची खात्री नको? हात मात्र वळणदार. त्याच्या पाट्या पाहून रघुनाथ चोपड्यांची मुलगी हौसा गालात हसायची, आणि खंडूच्या हातातला ब्रश डब्याऐवजी चहात बुडायचा.

चोपडे गावातलं मोठं प्रस्थ. त्यांनी इंग्रजी शाळा काढली होती. त्यांना स्वतःला इंग्रजीत फक्त ‘येस’ येत होतं, आणि तेही नको तिथं सुटायचं. शाळा सुरू झाली होती, उद्घाटन तेवढं राहिलं होतं.

चोपडे म्हणाले, “खंडू, शाळेच्या सगळ्या पाट्या रंगव. नीट जमल्या तर हौसा तुझी. मजुरीचं बोलू नकोस. जावई कधी मजुरी मागतो का?”

खंडूला हे एकदम पटलं. त्याने दारावर इंग्रजीत शाळेचं नाव काढलं, सगळं लहान एबीसीडीत. मोठी एबीसीडी कशाला असते, हेच त्याला माहीत नव्हतं. इंग्रजी शिकवणाऱ्या कुलथे मास्तरांनी कपाळाला हात लावला.

“अरे, मोठं अक्षर कुठाय? इंग्रजीत नियम असतात. टिंब आलं की पुढचं अक्षर मोठं. ध्यानात ठेव.”

“ठेवलं,” खंडू म्हणाला. आणि खरोखर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात ‘शांतता राखा’ ही पाटी लिहायची होती. ‘शां’वर टिंब होतं. नियम म्हणजे नियम. खंडूने पुढचा ‘त’ खाटेएवढा काढला, बाकीची अक्षरं कडेला बसवली. पोरं आत आली. भिंतीवर एवढा ‘त’ बघून सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “त तलवारीचाऽऽ!” ओरडा काही थांबेना. शांततेच्या पाटीने शाळा डोक्यावर घेतली.

चोपडे धावत आले. “हे काय रे?”

“टिंब आलं होतं, सासरेबुवा.”

“अजून झालो नाही मी सासरा!” चोपडे गरजले. “आता एकच पाटी राहिलीय, फाटकावरची. माझ्या नावाची. ती चुकली तर हौसाला विसर.”

 खंडू तसाच मास्तरांकडे गेला.

मास्तर म्हणाले, “ते टिंबाचं सोड बाबा. माणसाच्या नावाचं सांगतो. नावाचं पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान. तो मान असतो.”

“माणूस कसाही असला तरी?”

“कसाही असला तरी. इंग्रजी त्यात पडत नाही.”

फाटकावरची पाटी मराठीत हवी होती. नाव गावाला वाचता आलं नाही, तर शाळा काढून उपयोग काय? आणि आडनाव आधी, सरकारी कागदावर असतं तसं. खंडूने शिडी लावली. होणाऱ्या सासऱ्याला मान द्यायचा तर हात आखडता का घ्यायचा? ‘चोपडे’मधला ‘चो’ त्याने पुरुषभर उंच काढला. ‘रघुनाथ’मधला ‘र’ही तेवढाच. बाकीची अक्षरं मुंग्यांएवढी.

उद्घाटनाच्या सकाळी गाव रस्त्यावरून पाटी वाचू लागलं. ज्यांना धड सही येत नव्हती, त्यांनीही ती वाचली. कुणाची एक चूक झाली नाही.

“चोर,” म्हातारी सगुणाबाई म्हणाली. “बरं झालं बाई, कुणीतरी लिवलं एकदाचं.”

चोपड्यांनी पाटी पाहिली आणि ते मटकन खाली बसले. उद्घाटनाला बोलावलेल्या शिक्षणखात्याच्या साहेबांची गाडी वेशीत आली होती. रंग ओला, पुसावा तर आणखी पसरणार.

“खंडू! खाली लिही, ‘मी चोर नाही’! पळ!”

खंडू पळाला, पण आधी मास्तरांकडे. आता चूक परवडणारी नव्हती. मास्तर पोरींकडून स्वागतगीत बसवून घेत होते.

“मास्तर, ‘मी’ कसा लिहायचा?”

“इंग्रजीत ‘मी’ नेहमी मोठा. वाक्यात कुठंही येवो.”

“आणि ‘तू’?”

“तू लहान. ते लहान. आपण सगळे लहान. इंग्रजीत फक्त ‘मी’च मोठा.”

“म्हणजे आपल्या चोपड्यांसारखंच की,” खंडू म्हणाला आणि शिडीवर चढला.

गाडी थांबली. साहेब उतरले. त्यांनी चष्मा पुसला, मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

“चोर... मी.”

बँड थांबला. हार घेऊन उभे असलेले चोपडे जागच्या जागी थिजले.

“वा!” साहेब म्हणाले. “पुष्कळ शाळा पाहिल्या, पण स्वतः पुढं होऊन अशी पाटी लावणारा संस्थापक पहिल्यांदाच पाहतोय. हे तुम्हीच ना?”

चोपड्यांचं डोकं बधिर झालं होतं. समोर मोठा साहेब. तोंडातून इंग्रजी निसटलं.

“येस.”

गावाने कडकडून टाळ्या वाजवल्या. खंडूनेही वाजवल्या. पाटी एवढी गाजली, आता हौसा आपलीच! तो शिडीवरून उतरला आणि चोपड्यांच्या पाया पडायला वाकला.

चोपडे दात खात म्हणाले, “आधी तोंड काळं कर!”

 खंडूने काळ्या रंगाचा डबा उघडला, मोठा ब्रश बुडवला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट दोन हात मारले. कानामागेसुद्धा राहू दिलं नाही.

“हे घ्या, केलं,” तो लाजत म्हणाला. “तुमच्यात हळदीच्या आधी हे लावतात, ते मला ठाऊक नव्हतं.”