कातळावरचं पाणी

“याहून मोठा कॅमेरा असतो का, चाचा?”

दस्तगीरचाचा चहा गाळत होते. त्यांनी गाळणं आपटून चोथा बाहेर टाकला आणि कप पुढे केला.

“कशाला पाहिजे?”

“आईला दिसायला.”

सारंग वाळिंबे हे नाव पुण्यात प्रदर्शनं बघत हिंडणाऱ्यांना ठाऊक आहे. डोंगराचा फोटो काढावा तर सारंगने, असं लोक म्हणतात, आणि लोकांच्या आधी तो स्वतः म्हणतो. पण हा प्रश्न विचारताना त्याचा आवाज बारीक झाला होता, हेही सांगायला हवं.

त्याच्या आईला काचबिंदू. नजर कडेकडेने विझत आलेली, मधला एक कवडसा तेवढा उरलेला. तोही जाणार, असं डॉक्टर म्हणाले होते. तो जायच्या आत तिला माहेर बघायचं होतं. पठाराच्या कुशीतलं, चार घरांचं आंबेखोल. गुडघ्यांनी कधीच संप पुकारलेला, त्यामुळे घाट चढून येणं नव्हतं.

मग सारंगने फोटो काढून नेला. तिला दिसला नाही. त्याने मोठा करून नेला. मग आणखी मोठा. भिंतीएवढा केला तेव्हा झाडांचे ठिपके झाले, आणि त्याला कुणीतरी सांगितलं की फिल्म जेवढी मोठी तेवढं बारीकसारीक शाबूत राहतं. मिरजेचा स्टुडिओ मोडून या पठारावर येऊन राहिलेले दस्तगीर मुजावर अजून जुन्या लाकडी पेटीच्या कॅमेऱ्याने फोटो काढतात, तळहाताहून मोठ्या फिल्मवर. म्हणून तो इथे आला होता.

“फोटो बघून आई काय म्हणाली?” चाचांनी विचारलं.

“छान आहे, म्हणाली.”

“एवढंच?”

“विचारत होती, टेकाडाखालच्या कातळावरून अजून पाणी येतं का.”

“येतं का?”

“फोटोत असेल की. मी म्हटलं, नीट बघ.”

चाचांनी आपला कप खाली ठेवला.

“डोळे चाललेल्या बाईला म्हणालास, नीट बघ.”

…

मला सारंगचा राग येतो, आणि वाईटही वाटतं. फोटो भिंतीला लावून तो पुढच्या कामाला पळत असे. आईसाठी एवढी धावपळ चाललेली, आणि त्या धावपळीत आईच मागे राहिलेली.

“उद्यापासून कापडाखाली बस,” चाचा म्हणाले. “फिल्म मिळणार नाही.”

“चाचा, मी नवशिका नाही.”

“दिसतंय की.”

पेटीच्या कॅमेऱ्याच्या पाठीला दुधी काच असते. डोक्यावरून काळं कापड ओढून आत बघायचं. समोरचं सगळं त्या काचेवर उतरतं, पण खाली डोकं वर पाय.

पहिल्या सकाळी सारंग घटकाभरात बाहेर आला.

“उलटं दिसतंय.”

“दिसणारच.”

“सरळ करता येत नाही?”

“तू कर की सरळ.”

तो पुन्हा आत गेला.

असे किती दिवस गेले, मी मोजलेले नाहीत. दसऱ्याच्या सुमाराचे दिवस होते. सकाळी आंबेखोलच्या दरीतून धुकं वर यायचं, पठाराच्या कडेशी थबकायचं आणि ऊन चढलं की परत खाली उतरायचं. चाचा शेजारी दगडावर बसून बिडी ओढायचे. कापडाखालून फक्त सारंगचे पाय दिसायचे. आधी ते सारखे चुळबुळत. मग कधीतरी चुळबुळायचे थांबले.

आत त्याला काय दिसत होतं, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. आभाळ तळाला साचलेलं असे आणि गाव त्यावर ओठंगून असे. चुलीचा धूर घरातून निघून खाली खाली आभाळात बुडत जाई. एखादी म्हैस पाय वर करून निवांत चालत जाई. उलटं आहे, हे तो विसरत चालला होता. कापडाच्या आत त्याच्या श्वासाची ऊब असे आणि बाहेरचं जग लांब कुठेतरी कुणाचं तरी असे.

एका सकाळी चाचांनी त्याच्या हातात फिल्म दिली. चपट्या काळ्या होल्डरमध्ये, अंधारातच भरून ठेवलेली.

“एकच?”

“डोंगर किती आहेत?”

या होल्डरची एक खोड आहे. फिल्मवर एक पातळ झाकणी असते. होल्डर कॅमेऱ्याला लावायचा, झाकणी ओढून काढायची, मगच कळ दाबायची. झाकणी राहिली तर फिल्मला काहीच कळत नाही, ती आतल्या आत आंधळी राहते. फिल्मचं तंत्र सारंग पुण्याच्या एका वर्गात शिकून आला होता, आणि तिथे ही चूक करणाऱ्या पोरांना तो पोट धरून हसला होता.

धुकं उतरत होतं. सारंग कापडाखाली गेला आणि पुष्कळ वेळ आतच राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. त्याने होल्डर लावला. कळ दाबली. कॅमेऱ्यातून बारीकसा आवाज आला.

चाचा त्याच्या हाताकडे बघत होते. त्यांनी बिडी विझवली.

…

चाचांचा गोठा हीच त्यांची डार्करूम. गुरं कधीच विकलेली, फटी चिंध्यांनी बुजवलेल्या. बाहेर टळटळीत दुपार आणि आत स्वतःचा हात दिसू नये असा काळोख. या फिल्मला लाल दिवाही चालत नाही. सारंगने चाचपडत ती पहिल्या ट्रेमधल्या रसायनात सोडली आणि ट्रे हलकेच झुलवत राहिला. पाणी कडेला लागून परत येई. लहानपणी पाळण्यात ऐकलेला कसलातरी आवाज असावा, असं त्याला वाटून गेलं.

“आता हायपोत टाक,” काळोखातून चाचा म्हणाले.

त्याने ती दुसऱ्या ट्रेमधल्या, चित्र पक्कं करणाऱ्या पाण्यात टाकली. वाट पाहिली.

“लाव दिवा.”

दिवा लागला. सारंगने फिल्म उचलून धरली.

तिच्यावर काही नव्हतं. डोंगर नाही, गाव नाही, धुकंसुद्धा नाही. आरपार स्वच्छ. पलीकडून चाचांचा चेहरा दिसत होता.

तो बघत राहिला. मग त्याला आपला हात आठवला. होल्डर लावणारा, कळ दाबणारा. आणि मधलं जे त्या हाताने केलंच नाही, ते.

“झाकणी… मी काढलीच नाही.”

“नाही काढलीस.”

“तुम्हाला दिसलं होतं?”

“शेजारीच तर होतो.”

“आणि बोलला नाहीत?”

चाचांनी फिल्म त्याच्या हातातून घेतली, पाण्यात धुतली, आणि चांगल्या फिल्मला करावी तशी काळजी घेऊन दोरीला चिमट्याने लावली.

सारंगचा आवाज चढला. “धुकं उद्या असं उतरणार नाही. तिची नजर कधी जाईल सांगता येत नाही. तुम्ही नुसतं झाकणी म्हणाला असता तरी…”

तो ट्रेच्या कडेला हात टेकून उभा राहिला. आपण आईचं माहेर घालवलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

“काय होतं रे त्या काचेवर?” चाचांनी विचारलं.

“आता काय उपयोग.”

“मला सांग तरी. मी काही कापडाखाली नव्हतो.”

“धुकं होतं,” सारंग रागानेच म्हणाला. “सगळीकडे. मग एका बाजूने फाटलं. आधी कौलं दिसली. ओली होती… एका घरावर लाल भोपळ्याचा वेल चढलाय. भोपळा आहे एक, कौलांवर टेकलेला. कुणीतरी त्याच्याखाली चुंबळ ठेवलीये, घसरू नये म्हणून.”

चाचा पालथ्या बादलीवर बसले. त्यांनी डोळे मिटले.

“मग?”

“मग अंगणात एक बाई आली. केस मोकळे होते. तिने वर पाहिलं, आपल्याकडे नाही, उगाच वर. आणि ती थांबली. काही न करता थांबली. मलाही मग हलावंसं वाटेना.” त्याचा राग कुठेतरी सुटून गेला होता. “टेकाड शेवटी उघडं पडलं. खाली तो काळा कातळ. आणि चाचा…”

“हं.”

“पाणी होतं कातळावर. अगदी बारीक. थांबून बघितल्याशिवाय दिसत नाही. काचेवर उलटं ना सगळं, त्यामुळे ते वर चढत होतं. खालून वर, हळूहळू, घराकडे निघाल्यासारखं…”



गोठ्यात दोरीवरच्या फिल्ममधून पाण्याचा थेंब पडला. मग दुसरा.

फिल्म वाळल्यावर चाचांनी ती पातळ कागदात गुंडाळली, खाकी पाकिटात घातली आणि सारंगच्या हातात दिली.

“आईला दे.”

“चाचा, ही कोरी आहे.”

“कोरी आहे म्हणून तर तुला तिच्याजवळ बसावं लागेल.”