मधोमध टाकलेला चेंडू

एका रग्बी संघात एकदा एक तरुण होता. चेंडू मैदानाच्या कडेच्या रेषेबाहेर गेला की तो पुन्हा आत फेकण्याचे काम त्याच्याकडे असे. समोर दोन संघांच्या दोन रांगा, मध्ये जेमतेम दोन हात वाट. चेंडू त्या वाटेवरून सरळच जायला हवा, आणि तो झेलायला प्रत्येक रांगेतले दोघे आपल्या एका गड्याला वर उचलतात. पण त्या क्षणी या गड्याचा जीव थाऱ्यावर नसे. चेंडू आपल्यांनाच मिळावा या धास्तीने तो फेक वीतभर आपल्या रांगेकडे झुकवी, आणि पंचांची शिट्टी वाजून चेंडू समोरच्यांकडे जाई. मागचा सामना अशाच तीन वाकड्या फेकींनी घालवला होता. आता अंतिम सामन्यात त्याला घ्यायचे की बसवायचे, हे वृद्ध वस्ताद ठरवणार होते.

सरावाला वस्तादांनी दोन रांगा उभ्या केल्या. फेक कोणाकडे आणि कधी, याची गुप्त खूण ते समोरच्या रांगेच्या कानात सांगून आले. तरुणाच्या रांगेला एक अक्षर सांगितले नाही.

"वस्ताद, आपली खूण त्यांना दिलीत?" तरुण कळवळला.

"तू फेक. हवी तितकी वाकडी फेक. मी शिट्टी वाजवत नाही."

त्याने चक्क हातभर वाकडी फेकली. तरी समोरच्यांनी आपला गडी आधीच वर उचलला होता. त्या गड्याने हात लांबवून चेंडू घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तरुणाला रडू फुटायचे तेवढे बाकी राहिले.

"बघितलंस?" वस्ताद म्हणाले. "वाकडं फेकून चेंडू आपला होत नाही. मधली वाट दोघांची, ती दोघांचीच असू दे. आपल्या माणसाला खूण ठाऊक असते, एवढंच काय ते आपलं. तू खूण देतोस आणि वर त्याच्यावर भरवसाही ठेवत नाहीस. अरे, तो येईल की वर! त्याला उचलायला दोघं आहेत."

वस्तादांनी त्याला संघात घेतले. अंतिम सामन्याची शेवटची घटका. संघ दोनच गुणांनी पुढे, आणि फेक त्याची. चेंडू गेला तर सामनाही जाणार होता. धास्ती तीळभरही कमी झाली नव्हती. त्याने खूण दिली आणि चेंडू सरळ मधोमध टाकला. समोरचा गडी उडाला, पण किंचित उशिरा. तोवर चेंडू तरुणाच्या गड्याने घेतला होता.

ज्याला आपल्या माणसांचा भरवसा असतो, त्याला नियम आपल्याकडे झुकवावा लागत नाही.